म्हातारपणीच्या देखभालीचा खर्च : मागे राहणाऱ्या बाईचा हिशेब कोण करतं?

तुळशीकट्टा

"आमची वीस लाखांची पॉलिसी आहे, म्हातारपणाची चिंता नाही." ओळखीतल्या पन्नाशी-साठीच्या बहुतेक जोडप्यांकडून हेच ऐकते, आणि दर वेळी वाटतं की यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. म्हणून हा धागा.

आरोग्यविमा दवाखान्याचं बिल भरतो. माणूस ॲडमिट झाला, २४ तास राहिला किंवा ठरलेल्या यादीतली डे-केअर प्रक्रिया झाली, तर पैसे मिळतात. डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या काही दिवसांपुरत्या मिळतात. पण घरी आणल्यावर त्या माणसाला उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, डायपर बदलणं, यासाठी जे माणूस लागतं त्याचा पगार नेहमीची कुठलीच पॉलिसी देत नाही. आयुष्मान कार्डही देत नाही. ते कार्ड जरूर काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण तेही दाखल झालेल्या रुग्णासाठीच.

सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा दवाखान्याचं बिल विम्यातून जवळपास सगळं भागलं. खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. आमच्या कोथरूड भागातले आकडे सांगते, गावागणिक फरक पडेल. घरी देखभालीची माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेली २४ तासांची बाई महिना ३० हजार, शिवाय तिचं जेवणखाण. दिवसाला चार डायपर म्हणजे महिन्याला पाचएक हजार. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा, सात हजार. औषधं आणि घरी येऊन रक्त नेणारे, सहा हजार. म्हणजे महिना ४८ हजार, वर्षाला पावणेसहा लाखांच्या वर. वरखाली होणारा पलंग, एअर मॅट्रेस, कमोडची खुर्ची वेगळी. आणि हे वर्षानुवर्षं.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. सासरे आजारी पडले तेव्हा त्यांचं सगळं सासूबाईंनी केलं, जवळपास फुकटात. स्वतःच्या पाठीची वाट लागली तरी केलं. त्यांची वेळ आली तेव्हा त्यांच्यासाठी ते करणारं घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून पगारी माणसं आली. बहुतेक घरांत हेच होणार आहे. बायको नवऱ्यापेक्षा वयानं लहान असते, बायका जगतातही जास्त. म्हणजे नवऱ्याचं म्हातारपण बायको सांभाळते आणि बायकोचं म्हातारपण पैशांनी सांभाळावं लागतं. आणि तेव्हा नेमके पैसे आटलेले असतात, कारण ते नवऱ्याच्या आजारपणात गेलेले असतात.

आम्ही दोघं पन्नाशीत आहोत. निवृत्तीच्या पैशांपासून वेगळा असा देखभाल निधी बाजूला काढायचा ठरवलाय आणि तो माझ्या नावावर ठेवायचाय. नवऱ्याला हे पटवायला वेळ लागला नाही, नातेवाइकांना मात्र ते अभद्र वाटलं. किती रक्कम धरावी, कुठे ठेवावी, कागदपत्रं काय करावीत, ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

हिशेबी

ताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालोय, काउंटरवर हे रोज पाहिलंय. तुमच्या मुद्द्याला पेन्शनची बाजू जोडतो.

सरकारी कर्मचाऱ्याची जुनी पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के, आणि तो गेल्यावर पत्नीला मिळणारी कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम सर्वसाधारणपणे ३० टक्के. म्हणजे घरात ५० हजार येत होते तिथे ३० हजार येतात. घराचा मेंटेनन्स, वीजबिल, औषधं काही अर्ध्यावर येत नाहीत. आम्हा बँकवाल्यांच्या बायकांची स्थिती तर आणखी वाईट होती. २०२१ पर्यंत कुटुंब पेन्शनला ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती, त्यानंतर सरसकट ३० टक्के झालं. आणि खासगी नोकरीवाल्यांच्या ईपीएस-९५ ची किमान पेन्शन महिना १,००० रुपये. त्यात डायपरचाही खर्च निघत नाही. म्हणून पेन्शन आहे या भरवशावर कुणी राहू नये. ती कोणाच्या हयातीत किती आहे हे दोन वेगळ्या ओळींत लिहून बघा.

रकमेबद्दल माझा आडाखा साधा आहे. आजच्या भावानं चार वर्षांची पूर्णवेळ देखभाल धरा. तुमच्या ४८ हजारांनी ती २३ लाख होते. गुंतवणुकीवरचं करोत्तर व्याज आणि बाईच्या पगारातली वाढ सारखी धरली तर आज २३ लाख बाजूला पडायला हवेत. पण पगार जास्त वेगानं वाढतात. ८ टक्क्यांनी वाढले तर ९ वर्षांत दुप्पट, १८ वर्षांत चौपट. आज ३० हजार घेणारी बाई १८ वर्षांनी १ लाख २० हजार घेईल. त्यामुळे पन्नाशीतल्या माणसानं हा सगळा निधी एफडीत ठेवू नये, काही भाग इक्विटी फंडात हवा. सत्तरीच्या माणसानं मात्र ते धाडस करू नये.

साठीनंतर पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख झाली आहे. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता, म्हणजे पूर्ण ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम राहतो. बायकोचंही वय साठ असेल तर तिचं स्वतंत्र खातं उघडता येतं, आणि ते उघडाच. वर्षानंतर मोडलं तर दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो. अडीअडचणीला तेवढं सोसता येतं.

कृष्णाकाठ

चर्चा चांगली आहे पण २३ लाख वाचून आमच्याकडचे लोक धागा बंद करतील. मी सांगली जिल्ह्यातल्या गावात राहतो. आमच्याकडे ब्यूरो नाही आणि २४ तासांची बाई ही कल्पनाच नाही. सून करते. ती मजुरीला जात असेल तर तिचा रोज बुडतो, आणि तो रोज कुणीच खर्चात धरत नाही. मी माझ्या घरात धरायला लावला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा वहिनीनं द्राक्षाच्या बागेतलं काम सोडलं. आम्ही बाकीच्या दोघा भावांनी दर महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली. गावात चार लोक बोलले, की सासूचं करायचे पैसे घेते. बोलू देत. तिची मजुरी गेली होती ही गोष्ट खरी आहे.

शेतकऱ्यांनी एक सांभाळावं. पोरांच्या वाटण्या करताना म्हातारा-म्हातारी सगळी जमीन वाटून मोकळी होतात आणि मग महिन्या-महिन्याची पाळी लागते, या महिन्यात थोरल्याकडे, पुढच्या महिन्यात धाकट्याकडे. अंथरुणावरच्या माणसाची पाळी लावता येत नाही. अर्धा-एक एकर का होईना, आईच्या नावानं सातबारा राहू द्या. तिच्या हयातीत तो तिचाच. जो शेवटपर्यंत करेल त्याला द्यायचा की खंडानं लावून पैसे घ्यायचे, ते तिनं ठरवावं.

सरकारी मदतीत श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात, ६५ वर्षांवरच्या गरजूंना. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही तर अडकतं. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइनही आहे, माहिती नीट देतात.

तुळशीकट्टा

कृष्णाकाठ दादा, वहिनींच्या खात्यात पैसे टाकण्याचा मुद्दा शहरातल्या घरांनाही तेवढाच लागू आहे. आमच्या इमारतीत एका मुलीनं आईसाठी नोकरी सोडली. भाऊ परदेशात. तिचा पीएफ थांबला, बढती गेली, आणि पुढे घराच्या वाटणीत मात्र हिस्से समान. आईनं जिवंतपणीच मृत्युपत्रात किंवा महिन्याच्या रकमेत याची दखल घ्यायला हवी होती. देखभाल निधी म्हणजे फक्त परक्या बाईचा पगार नव्हे. घरात जी करते तिचाही त्यावर हक्क आहे.

दस्तऐवज

दिवाणी वकिली करतो. पैसे असूनही वापरता न येणं, हा प्रकार मी सर्वांत जास्त पाहतो. त्यावर लिहितो.

नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर एफडी, डीमॅट, फ्लॅट. नॉमिनी बायको. नवऱ्याला डिमेन्शिया होतो, सही जमत नाही, तो काय करतोय ते त्याला कळत नाही. बायको बँकेत जाते, बँक म्हणते तुम्ही नॉमिनी आहात, खातेदार नाही. नॉमिनी खातेदार गेल्यावर उपयोगी पडतो, स्मृती गेल्यावर नाही. मग लोक म्हणतात मुखत्यारपत्र केलंय की. आपल्याकडच्या कायद्यानं मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवशी गरज लागते त्याच दिवसापासून ते निरुपयोगी. पुढे पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात याचिका, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सगळ्या मुलांची संमती, आणि तोवर बाईचा पगार कोण देणार?

यावर साधा उपाय आजच करता येतो. देखभालीचे पैसे ज्या खात्यात आहेत ते संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या सूचनेसह. एफडीवरही ही सूचना नीट लिहून घ्या, मुदतीपूर्वी मोडण्याची मुभा त्यात आहे का ते विचारा. नुसतं हात थरथरतात आणि सही जुळत नाही एवढंच असेल, मेंदू शाबूत असेल, तर घाबरू नका. अंगठा किंवा खूण चालते, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी. रिझर्व्ह बँकेची तशी तरतूद आहे. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवाही मागता येते.

आता घराबद्दल, आणि इथे तुळशीकट्टा ताईंचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पुरुष मृत्युपत्र करतात तेव्हा हमखास एक वाक्य घालतात, 'पत्नीस तहहयात राहण्याचा हक्क, तिचे पश्चात मुलांना मालकी'. त्यांना वाटतं बायकोची सोय केली. प्रत्यक्षात तिला तो फ्लॅट विकून लहान घर घेता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही, रिव्हर्स मॉर्गेजही, म्हणजे राहतं घर गहाण ठेवून दरमहा रक्कम घेणंही, होत नाही. एक कोटीच्या घरात बसून ती मुलांकडे डायपरचे पैसे मागते. पत्नीला पूर्ण मालकी द्या, नाहीतर आधीच तिचं नाव लावून घ्या. आणि मृत्युपत्र केलंच नाही तर हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलं, मुली आणि मृताची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांचे हिस्से समान. दोन मुलं असतील आणि आई नसेल तर बायकोला तिसरा हिस्सा. बाकी दोन तृतीयांशावर मुलांच्या सह्या लागतात.

बक्षीसपत्राबद्दल. मुलांच्या नावानं राहतं घर करून द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, म्हणून लोक घाईनं देतात. देऊ नका. द्यायचंच असेल तर देखभाल करण्याची अट दस्तातच स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये या कलमाचा ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावलाय, तरीही अट लिहिलेली असेल तर भांडण निम्म्यावर येतं. याच कायद्यात पोटगी मागता येते, प्रांताधिकाऱ्यांकडे, वकिलाशिवाय. पण कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. वर ४८ हजारांचा हिशेब आलाच आहे. कायदा मुलांना जाब विचारतो, खर्च भागवत नाही.

म्युनिककर

इथे जर्मनीत देखभालीचा विमा १९९५ पासून सक्तीचा आहे. आरोग्यविम्यापासून वेगळा. २०२५ मध्ये दर एकूण वेतनाच्या ३.६ टक्के, साधारण निम्मा मालक भरतो. ज्यांना मुलं नाहीत त्यांना ०.६ टक्के जास्त. माणूस स्वतःचं किती करू शकतो हे घरी येऊन तपासतात, १ ते ५ अशी पायरी ठरते, त्याप्रमाणे मदत मिळते. घरच्या माणसानं केलं तरी रोख रक्कम मिळते. कृष्णाकाठ यांच्या आईंना इथे ती रक्कम हक्कानं मिळाली असती, आणि त्यांनी ती वहिनींना दिली असती.

पण तरी सगळं भागत नाही. चांगल्या वृद्धसदनात पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून महिन्याला तीन हजार युरोच्या आसपास जातात. ज्या देशानं तीस वर्षं विमा चालवला तिथेही वेगळी शिल्लक लागतेच. आपल्याकडे तर असा विमा नाही, तेव्हा ज्याला जमतं त्यानं लवकर सुरुवात करावी.

माझे आईवडील सोलापुरात असतात. पैसे पाठवणं दोन मिनिटांचं काम आहे. बाई वेळेवर आली का, पाठीला जखम होतेय का, हे बघणारं कुणीतरी तिथं लागतं. आम्ही चुलतबहिणीला रीतसर दरमहा मानधन देतो. तिनं आधी नको म्हटलं, पण नात्यावर किती दिवस ओझं टाकणार?

जाईजुई

मी नर्स आहे, घरी जाऊन पेशंट बघते. पैशांच्या चर्चेत ज्या बायका हे काम करतात त्यांच्याबद्दल लिहिते.

३० हजारांतले सगळे तिच्या हातात पडत नाहीत, ब्यूरो दर महिन्याला कमिशन कापतं. २४ तास म्हणजे खरंच २४ तास नसतात हे घरच्यांनी समजून घ्यावं. रात्री चार वेळा उठणाऱ्या पेशंटजवळ तीच बाई दिवसाही असेल तर आठ-दहा दिवसांत ती थकते, मग कूस बदलायची राहते, आणि बेडसोर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, होतो. तो एकदा चिघळला की ड्रेसिंग, अँटिबायोटिक, कधी पुन्हा ॲडमिट. दुसऱ्या बाईचे पैसे वाचवायला गेलात तर त्याहून जास्त इथे जातात. जड पेशंट असेल तर दोन पाळ्यांचाच हिशेब धरा, आमच्या ठाण्यात बारा-बारा तासांच्या दोन बायका धरल्या तर चाळीस हजारांच्या पुढे जातं. महिन्याचे चार दिवस बदलीची बाई धरा. तिची रजा हा तिचा हक्क आहे, आणि तुमच्या पेशंटच्याही ते भल्याचं आहे.

पुरुष पेशंटला उचलायला बहुतेक वेळा ब्रदर, म्हणजे पुरुष मदतनीस, लागतो, तो महाग पडतो. इथेही बायको स्वतः उचलते आणि कंबर मोडून घेते. फिजिओकडून पलंगावरून खुर्चीत घेण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

कॅन्सरचा शेवटचा टप्पा असेल तर घरीच सगळं करायला हवं असं नाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. खूप लोकांना माहीतच नसतं, किंवा तिथे नेलं म्हणजे आपण सोडून दिलं असं वाटतं. तसं मुळीच नाही. तिथे दुखणं खरंच कमी करतात.

मांडवीकाठ

शांती आवेदनाचं एक केंद्र आमच्या गोव्यातही आहे, लोटलीला.

एक भर घालते. शेवटी व्हेंटिलेटरवर किती दिवस ठेवायचं हा निर्णय मुलांवर टाकू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आमच्याकडे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः इच्छापत्र करून सुरुवात करून दिली. मी आणि यजमानांनी केलंय. खर्च वाचवण्यासाठी केलं नाही. पण आयसीयूत शेवटच्या पंधरा दिवसांत जे पैसे जातात ते बहुधा मागे राहणाऱ्याचे असतात, हे मनात होतंच.

पिंपळपार

सगळं वाचलं. मी एकाहत्तर वर्षांची आहे, शिक्षिका होते. हे गेले, मूलबाळ नाही. फ्लॅट माझ्या नावावर आहे, पेन्शन आहे. दोन पुतणे आहेत, चांगले आहेत, पण त्यांच्यावर भार टाकायचा नाही. सीनियर सिटिझन सोसायटीत जावं की वृद्धाश्रमात की इथेच राहावं? आणि रिव्हर्स मॉर्गेज खरंच मिळतं का?

दस्तऐवज

मावशी, कायद्यानं तुम्ही एकट्या नाही. मूल नसलेल्या ज्येष्ठांना, जो नातेवाईक त्यांच्या मालमत्तेचा ताबा धरून आहे किंवा वारसानं ती घेणार आहे, त्याच्याकडून पोटगी मागता येते. पण तुम्हाला मागायची वेळ येऊ नये. फ्लॅट आत्ता कुणाच्याही नावे करू नका. ज्याच्या भरवशावर राहणार त्याला मृत्युपत्रानं द्या. ते कधीही बदलता येतं.

हिशेबी

ताई, रिव्हर्स मॉर्गेजची योजना २००७ च्या अर्थसंकल्पातून आली. साठीच्या पुढच्यांना राहतं घर गहाण ठेवून दरमहा रक्कम मिळते, जास्तीत जास्त २० वर्षं, त्या रकमेवर आयकर नाही, आणि तुम्ही हयात असेपर्यंत घर सोडावं लागत नाही. कागदावर तुमच्यासारख्यांसाठीच आहे. पण बँका फारशा उत्साहानं देत नाहीत, आणि घराच्या किमतीच्या मानानं हाती येणारी रक्कम तुटपुंजी वाटते. तुमची पेन्शन चालू आहे तोवर त्याकडे वळू नका. मोठा फ्लॅट असेल तर तो विकून लिफ्ट असलेला लहान घ्या, उरलेली रक्कम बचत योजनेत टाका. हे अंगात ताकद आहे तोवर होतं, नंतर सामान हलवणंही झेपत नाही.

जाईजुई

मावशी, सोसायटी किंवा वृद्धाश्रम बघायला जाल तेव्हा बाग, देऊळ, जेवण सगळं दाखवतील. तुम्ही एकच विचारा, मी अंथरुणाला खिळले तर इथे ठेवाल का? खूप ठिकाणी फक्त स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात, आणि तब्येत ढासळली की नातेवाइकांना फोन करून घेऊन जा म्हणतात. डिमेन्शियाच्या पेशंटना तर बऱ्याच जागी घेतच नाहीत. ठेवत असतील तर वेगळा नर्सिंग विभाग आहे का, रात्री किती माणसांमागे किती बायका असतात, त्याचे दरमहा जादा किती, ते दर वर्षी किती वाढवतात, आणि डिपॉझिटमधून काय कापतात, हे लेखी घ्या. मग तिथल्या अंथरुणावरच्या एखाद्या आजींना भेटू द्या म्हणून सांगा. भेटू देत नसतील तर ती जागा सोडा.

पिंपळपार

पुतण्याला घेऊन पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी जाते आहे. हे प्रश्न कागदावर उतरवून घेतले. तिथे काय उत्तरं मिळाली ते इथेच लिहीन.